दिवसातला किती वेळ झोपून असतात?
निजामपुऱ्यातून रिक्षा गेली की कापड विणणाऱ्या लूमच्या तेलाचा वास येतो आणि मला डॉक्टरांची ती खोली आठवते. बाबांचा कॅन्सर पसरला होता आणि ते माझ्या शेजारीच बसले होते. ‘किती दिवस आहेत?’ असं मी हळूच विचारलं, तर डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, ‘दिवसातला किती वेळ झोपून असतात? जेवतात किती? त्यावरूनच अंदाज येतो.’ खरं सांगितलं तर दिवस कमी होतील, असं काहीतरी डोक्यात बसलं. तीस वर्षं लूमवर काढून बाबांना फारसं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी बिनधास्त म्हणाले, ‘फिरतात की! दोन भाकऱ्या खातात.’ ‘मग काही महिने,’ म्हणत डॉक्टर लिहू लागले, तेवढ्यात बाबा मोठ्यानं बोलले, ‘न्हाय डॉक्टर. पंधरा दिवस अंथरुणातच हाय. भाकरी कुत्रा खातो.’ लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हे मी विसरलेच होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘मग महिने नाहीत. आठवडे.’ बाबा माझ्याकडे वळले, ‘दुबईला तुझ्या भावाला आजच फोन लाव.’ भाऊ चौथ्या दिवशी पोचला आणि दोघांना नऊ दिवस मिळाले. माझं खोटं खपलं असतं तर तो ठरल्याप्रमाणे दिवाळीला आला असता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.