आईचे दात, माझी तार

माझे वरचे चार दात ओठांच्या आधी घराबाहेर पडायचे. शाळेत मला 'खवणी' म्हणत. खवणी म्हणणाऱ्या दोघांना मी त्याच दातांनी कडकडून चावले होते, म्हणजे दात अगदीच निरुपयोगी होते असं नाही. पण आमचे आबा फौजेत हवालदार. त्यांनी छावणीत आपल्या साहेबाच्या मुलीच्या दातांना तार लावलेली पाहिली आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात घरी पत्र पाठवलं, 'कन्येचे दात पुढे आले आहेत. ते मागे घ्यावेत.' आबांची पत्रं अशीच असत, घरादाराला कवायत शिकवल्यासारखी.

आमचं गाव मलकापूरच्या पलीकडं, कराडपासून चालत तासाभराचं. दातांना तार लावणारा डॉक्टर जवळात जवळ सांगलीला. मग मी आणि आई दर महिन्याला एसटीनं कराड-सांगली करू लागलो. डॉक्टर मुंबईला शिकून आलेला, तरुण, सारखा हात धुणारा. त्यानं माझ्या एकेका दाताला पत्र्याची कडी बसवली, कड्यांतून तार ओवली आणि दर खेपेला तो ती आवळायचा. त्यानंतर चार दिवस मी भाकरी दुधात कुस्करून गिळायची. वर ऊस बंद! चहूकडं ऊसच ऊस, आणि पाहुण्यांच्या मळ्यात कुणी कांडं पुढं केलं की मी नको म्हणायचं. हवालदाराची पोरगी शेफारली, असं चार गावांत झालं.

आई दवाखान्यात दाराशी उभी राहायची. तिचे दात मिसरीनं काळेभोर होते. आमच्याकडच्या बायका भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळी घासत, जेवल्यावर घासत आणि राग आला की मधेच घासत. आईला राग बराच येई.

दिवाळीनंतरच्या खेपेला माझी तार आवळून झाल्यावर डॉक्टर आईला म्हणाला, "बाई, बसा." खोलीत खुर्ची एकच, माझी. आता आमच्याकडं कुणी बसा म्हटलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं. आई दोनदा "आसूं द्या, आसूं द्या" म्हणाली आणि तिसऱ्यांदा पदर सावरून बसली. तिला वाटलं, बिचारा भला माणूस, आपले पाय दुखत असतील म्हणून बसा म्हणतोय. त्यानं खटकन खुर्ची मागं पाडली.

"मुलीचे दात सरळ करतोय, पण तुमचं बघून उद्या तीही मिसरी लावेल," तो म्हणाला. "आ करा."

पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हणायची आईची छाती नव्हती. तासभर तो आकडीनं खरवडत होता. तिच्या दातांवरचे काळे टवके तबकडीत टणटण पडत होते. मग पायानं चालवायच्या यंत्रावर ब्रश फिरवून त्यानं दात घासले, पांढरी भुकटी टाकली, रबरी फुगा दाबून वारा मारला आणि शेवटी हातात आरसा दिला. आईनं आरशात पाहिलं, आरसा उलटा करून मागं कोण आहे ते पाहिलं आणि मग पुन्हा पुढून पाहिलं. मला तर आईच्या लुगड्यात दुसरीच कुणी बाई बसल्यासारखी वाटली. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होती. पण तसं सांगायचं मला सुचलं नाही.

परतताना मी तारेपायी तोंडावर हात धरलेला, आईनं दातांपायी पदर. कंडक्टर "कुठं?" म्हणाला, तर आईनं दोन बोटं दाखवली आणि मी कराडच्या दिशेला हात केला. "दोगीबी मुक्या? अरारा," असं म्हणून त्यानं पुढच्या सीटवरच्या दोन बाप्यांना उठवलं आणि आम्हाला बसवलं. सांगलीच्या इतक्या खेपांत आम्हाला बसायला जागा मिळाली ती तेवढीच.

घरी थोरली काकी, म्हणजे आबांची थोरली भावजय, उंबऱ्यातच बसली होती. गल्लीतले सगळे शकुन-अपशकुन तिच्या ताब्यात. आईचा पदर सुटला आणि काकीच्या हातातलं सूपच पडलं.

"धाकटे, काय करून आलीस गं ह्ये? धनी तिकडं बंदुकीम्होरं हुबा, आन् तू हिकडं दात पांढरं करून आलीस?"

काकीच्या माहेरी जुनी चाल होती. सवाष्णीनं दात काळे ठेवायचे. नवरा मेला की काळी पूड बंद आणि दात पांढरे. म्हणजे पांढऱ्या दातांची बाई ती कोण, हे काकीनं तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आबा सरहद्दीवर होते, लढाई पेटणार असं सगळेच बोलत होते, आणि आईची खात्री पटली की आबांचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या दातांमुळंच होणार.

तिनं त्या दिवशी पाच वेळा मिसरी घासली. पण डॉक्टरनं दात असे गुळगुळीत केलेले की मिसरी धरेना. मग हिरडा आणि गंजका खिळा उकळून चुळा भरल्या, काजळी चोळली. शेवटी काकीनं ट्रंकेतून आबांच्या बुटांच्या काळ्या पॉलिशची डबी काढली. "त्येच्याच बुटाचं हाय. गुन येनारच," काकी म्हणाली. पॉलिश बसलं मात्र झकास. दुसऱ्या दिवशी ते भाकरीबरोबर आईच्या पोटात गेलं आणि तिला दुपारपर्यंत उलट्या झाल्या.

त्याच आठवड्यात लढाई जुंपली. कोयनेचं धरण जवळ, म्हणून दिवे झाकायचा हुकूम सुटला. गावातल्या एका रिटायर सुभेदारानं आमच्या दारात येऊन माझं तोंड तपासलं आणि निकाल दिला, "पोरीची तार लय चमकती. दिवं लागलं की ही घराभाईर हसायची न्हाई. इमानाला दिसंल." त्याला हसावं तर तार दिसणार, म्हणून मी गप्प राहिले. अशा तऱ्हेनं शत्रूला कळू नये म्हणून माझं तोंड बंद झालं आणि देवाला कळू नये म्हणून आईचं. घरात बोलायला एकटी काकी उरली, आणि तिनं ती कसर भरून काढली.

मला आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. आई पोस्टमनची वाट बघायची. तो पुढं गेला की आत येऊन भिंतीकडं तोंड करून मिसरी घासायची. हिरड्यांतून रक्त आलं तरी थांबायची नाही. आबांना पत्र मीच लिहायची. एकदा मी 'आईचे दात' एवढं लिहिलं आणि तिनं माझा हात धरला. "त्येंला न्हाई कळवायचं. ल्ही, समदं झ्याक हाय." मी लिहिलं, 'इकडील सर्व क्षेम.'

लढाई पंधरवड्यात संपली. पत्र आलं नाही. संक्रांत गेली, तरी नाही. तोवर आईचे दात कुठं काळे, कुठं तपकिरी, कुठं पांढरे झाले होते. मग एके दिवशी सकाळी आबाच दारात उभे, तोंडाला मफलर गुंडाळून. आई भिंतीला टेकली. आबांनी मफलर सोडला. वरचे पुढचे चार दात गायब!

गोळी नाही, काही नाही. फौजेचा ट्रक खड्ड्यात आदळला आणि आबांचं तोंड समोरच्या लोखंडी फळीवर. इस्पितळात पडून होते, म्हणून पत्र नाही. "पोरीचं दात मागं घ्या म्हनून मीच लिवलं, आन् माझंच गेलं की!" आबा बोळक्या तोंडानं हसले. काकीनं मात्र मान डोलवली. "जिवावरचं व्हतं, भावजी. दातावर निभावलं. हिनं येळंवर निम्मं तरी काळं केलं म्हनून." आबा आणखी हसले. आई हसली नाही. तिनं आत जाऊन मिसरी घासली.

सुट्टी संपली आणि आबा परत फौजेत गेले. माझी तार पुढं दीड वर्षं होती. डॉक्टर दर खेपेला म्हणायचा, "बाई, बसा." आई आता तिसऱ्यांदाही बसेना, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहायची. एकदा त्यानं फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली, "न्हाई, डॉक्टर. माज्या दातावर मानूस हाय." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी आ करून पडले होते.

तार निघाली. माझे दात इतके सरळ आले की गावाला दुसरं नाव शोधावं लागलं. शहात्तर साली आबा पेन्शनीत निघाले. फौजेतली काळी ट्रंक घरात आली, वर्दी खुंटीला लागली. दुसऱ्याच दिवशी आई मला म्हणाली, "चल, सांगलीला जायाचं."

"माझी तार कवाच निघालीया, आई."

"तुज्यासाठी न्हाई."

डॉक्टरचे केस थोडे मागं गेले होते. तो हात धूत होता, अजून बसा म्हणालाही नव्हता. आई सरळ आत गेली, खुर्चीत बसली आणि आपणच मागं रेलली.

"काढा समदं काळं," ती म्हणाली. "आलं माजं मानूस घरला."

परतताना कंडक्टरनं "कुठं?" विचारलं. "दोन कराड," आई म्हणाली, सगळ्या एसटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि माझ्याकडं वळून हसली. या खेपेला मी तिला सांगणार होते, फार सुंदर दिसतेस म्हणून. पण मी तोंडावर हात धरून बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.