मामांच्या बेसमेंटमधलं गाव

अख्ख्या टोरांटोत माझ्या मामेसासऱ्यांइतका भूगोलाचा गाढा अभ्यासक सापडणार नाही. फक्त त्यांचा अभ्यास एकाच गावापुरता आहे, आणि ते गाव फिलिपिन्समध्ये आहे. तिथे ते कधी गेलेले नाहीत. मामींना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांची काळजी घ्यायला लोर्ना घरी राहायला आली, ती त्या गावची. आपल्या घरात राहणाऱ्या माणसाचं गाव आपल्याला ठाऊक नसावं, हे हयातभर पूल बांधलेल्या इंजिनियरला मानवेना. नॉर्थ यॉर्कच्या घरातली बेसमेंटची एक भिंत मोकळी करून लोर्नाला विचारत विचारत त्यांनी नकाशा काढला. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत नदी आणि सतरा बारंगाय, म्हणजे आपल्या वाड्या. कोकणातल्या स्वतःच्या गावाची वस्ती विचारली तर मामा "असेल पाच-सहाशे" म्हणून हात झटकत. या गावाची लोकसंख्या मात्र शेवटच्या माणसापर्यंत चोख. रविवारी लोर्नाचा घरी फोन झाला की हे पेन्सिल घेऊन हजर. कोण जन्मलं, कोण गेलं, लग्न झालं असेल तर सून आली की मुलगी गेली, याचा खुलासा झाल्याशिवाय जेवायला बसत नसत. पुण्याहून आलेला माझा भाऊ एकदा मोठ्या उत्साहाने सांगू लागला, की तो फिलिपिन्सला जाऊन आलाय. "कुठे?" "मनिलाला." मामांनी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, सांत्वनासाठी वाढावी तशी.

मामांची चूक काढणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. जीपीएस नवीन आला तेव्हा टोरांटोशेजारच्या वॉन शहराला जाताना ते त्यातल्या बाईशी वीस मिनिटं भांडले. आम्ही भलतीकडेच पोचलो, तर म्हणाले, "रस्ता बरोबर आहे, वॉन सरकलंय."

लोर्नाची मुलगी तिकडे आजीकडे वाढत होती. आई निघाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. कागदपत्रं होऊन इथे आली तेव्हा पंधराची. एअरपोर्टवर आम्हा सगळ्यांचे डोळे ओले. मामा म्हणाले, "तिकडे एक माणूस कमी झाला." पण पोरगी इकडेही आल्यासारखी वाटेना. तीन आठवडे ती आईशी "थँक यू" आणि "आय ॲम फुल" एवढंच बोलली. लोर्ना भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "शी इज व्हेरी पोलाइट विथ मी," आणि त्याच फडक्याने तिने डोळे पुसले.

त्या शनिवारी मामा मुलीला बेसमेंटमध्ये घेऊन गेले आणि तिला तिच्याच गावाचा भूगोल शिकवू लागले. मी चहा घेऊन गेले तर ती हाताची घडी घालून ऐकत होती. "अँड द चॅपल, नॉर्थ ऑफ द रिव्हर."

"नो, सर. साउथ."

मामांनी चष्मा पुसला. "आय डोंट थिंक सो. आस्क युअर मदर."

मुलीने जिन्याच्या तोंडाशी जाऊन "मा!" अशी हाक मारली. इथे आल्यापासूनची पहिली. लोर्ना साबणाच्या हातांनीच धावत खाली आली. मग दोघी त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. चॅपलवरून शाळेवर, शाळेवरून आजीच्या घरावर गेल्या. मुलीने आईचा ओला हात धरून भिंतीवर टेकवला आणि काहीतरी म्हणाली, तशी लोर्ना हसता हसता रडायला लागली.

मामा जिना चढू लागले. जाता जाता मी भिंतीकडे नीट पाहिलं. नदीच्या दक्षिणेला एक क्रूस होता, ताजा ताजा खोडलेला. मामांना चॅपल कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. जन्मात एकदा चुकले, तेही मुद्दाम. मी तसं विचारलं तर म्हणाले, "चहात आलं कमी आहे."

आता नकाशा त्या मुलीच्या अक्षरात भरत चाललाय. कुणी लोकसंख्या विचारली की मामा म्हणतात, "मला काय ठाऊक? मी कुठे राहिलोय तिथे? तिला विचारा."