द्वारकेपर्यंत चालत

आमच्या शेजारी पोलीस ठाण्याचं जुनं दप्तर सांभाळणारे एक कारकून राहायचे. घरच्या लोणच्याच्या बरणीवरही ते तारखेची चिठ्ठी चिकटवत. वहिनी म्हणायच्या, "आता सही पण करा." ते खरंच सही करत.

आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला त्याच ठाण्यात दोन रात्री डांबलं होतं. ठाणं म्हणे, त्याला आणलंच नव्हतं. त्यानं भरपाईचा दावा लावला आणि वकिलानं नोटीस धाडली, कोठडीचं रजिस्टर जपून ठेवा. त्याच वर्षी जुनी दप्तरं जाळायला निघाली. पुढचं वहिनींनी सांगितलं. साहेब म्हणाले, "तेही टाका त्यात." हे म्हणाले, "टाकतो साहेब, फक्त तसं लिहून द्या." लिहून कोणी दिलं नाही. रजिस्टर लाल फडक्यात बांधून कपाटात राहिलं.

दावा चार वर्षं चालला. तेवढी वर्षं दारात त्याची रिक्षा उभी असताना कारकून बससाठी द्वारका चौकापर्यंत चालत जात. मी घड्याळ लावून पाहिलं, बावीस मिनिटं. मला तो शिष्टपणा वाटे.

रजिस्टरातल्या दोन ओळींवर रिक्षावाला जिंकला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे डबा घेऊन सरळ त्याच्या रिक्षात जाऊन बसले.

"काका, इतकी वर्षं का नाय बसले?"

"केस चालू होती. चल द्वारका, मीटर टाक."

"नाशकात मीटर कोण टाकतं, काका?"

"आपण."

मीटरचा दांडा गंजला होता. दोघांनी हसत हसत मिळून तो खाली ओढला.