साठ फुटी रस्ता आणि आमचा व्हरांडा

आमचा व्हरांडा पाडायला कोणीही आलं नव्हतं. तो मीच पाडला.

जबलपुरात सध्या विकास जोरात आहे. सकाळी ज्या रस्त्यानं दूध आणलं, तो रस्ता संध्याकाळी भाजी आणायला सापडत नाही. (खोदणारे वेगळे, बुजवणारे वेगळे, आणि दोघांची अजून ओळख व्हायची आहे!) रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून हा सगळा विकास मी व्हरांड्यात बसून चहासोबत पेपरात वाचत असे. वर टिन, समोर कमरेइतकी भिंत, भिंतीवर लोखंडी जाळी. घराचा सगळ्यात हवेशीर भाग! एवढंच की, त्याचा पुढचा अर्धा भाग आमच्या जागेत होता की सरकारच्या, हे जरा धूसर होतं. ही गोष्ट मला आणि माझ्या बायकोला, सुषमाला, चांगली ठाऊक होती. म्हणून आम्ही ती कधी बोलत नव्हतो.

आणि एका सकाळी पेपराच्या पहिल्या पानावर, पानभर, टपोऱ्या अक्षरांत छापून आलं: 'अब साठ फीट चौड़ी होगी आपकी राह!' खाली गुळगुळीत रस्त्याचं चित्र, दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्याखाली चक्क आमच्या वस्तीचं नाव.

माझा चहा बशीत आला.

"सुषमा, टेप दे!"

"चिकटवायची?"

"मोजायची!"

समोर राहणाऱ्या तिवारीजींच्या पायऱ्यांपासून मोजायला सुरुवात केली. टेप गल्ली ओलांडून व्हरांड्यात शिरली, बैठकीतून देवघरात गेली, आणि साठ फूट भरले तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी ओणवा होतो. सुषमा पोळ्या लाटत होती.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"रस्ता आहे हा," मी म्हणालो. "तू फुटपाथवर उभी आहेस."

तिनं पोळी उलटली. "मग हॉर्न वाजवून येत जा."

बायकोला गांभीर्य नव्हतं. मला मात्र अन्न जाईना. त्यातच दोन दिवसांनी बाजारातून परत येतो तो काय, व्हरांड्याच्या भिंतीवर लाल रंगाचा गोल, आणि गोलात फुली! तसंच तिवारीजींच्या पायऱ्यांशेजारी.

"हे कोणी केलं?"

"दोन माणसं आली होती, टोप्या घालून. मला वाटलं मच्छरांची दवा मारणारे."

"अगं, विचारायचं नाही का?"

"विचारलं ना. म्हणाले, 'आंटीजी, काम होना है.'"

काम होना है! मी भिंतीला टेकून उभा राहिलो; मग आठवलं की ही भिंत आता भरवशाची नाही, म्हणून सरळ झालो. तेवढ्यात तिवारीजी आले. त्यांचा चेहराही त्यांच्या बनियनसारखा पांढरा.

"भाईसाहब, खमरिया में हमारे साढ़ू के घर पर भी ऐसा ही निशान लगा था."

"फिर?"

"फिर क्या. अब किराये से रहते हैं."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. पाण्याचा टँकर आला तरी मी बाहेर धावे. कचरागाडीचं गाणं ऐकलं तरी दाराला कडी घाले. घरातले महत्त्वाचे कागद मी पिशवीत भरून पिशवी बरोबर घेऊन फिरू लागलो, आंघोळीलासुद्धा! आणि एका दुपारी खरोखरच गल्लीच्या तोंडाशी तो पिवळा राक्षस दिसला. जेसीबी!

मी दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिलो. माझ्या मागे तिवारीजी. (बरेच मागे.) ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली वाकला आणि म्हणाला, "चाचाजी, शहपुरा वाली रोड इधर से निकलेगी क्या?"

त्याला वाट दाखवली. तिवारीजी म्हणाले, "आज रास्ता पूछा है. कल काम पूछेगा." मग आम्ही दोघांनी बसून, अनुभवी माणसांसारखा विचार केला. मशीन आलं की ते अंदाजानं पाडतं; व्हरांडा पाडता पाडता बैठकही ओढून नेतं. त्यापेक्षा आपणच नीट उतरवलं तर विटा वाचतील, टिन वाचेल, आणि साहेब लोक बघतील की बुवा, ह्यांनी आधीच जागा सोडली, आता घर राहू द्या.

"काहून पाडता उगीच?" सुषमा म्हणाली. "नोटीस येऊ द्या तरी. वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा."

"विचारायला गेलो की त्यांना आपली आठवण होईल!"

ह्या वाक्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

मिस्त्री लावले. एका दिवसात टिन, जाळी, भिंत, सगळं खाली! समोर तिवारीजींनी आपल्या पायऱ्या उखडल्या. संध्याकाळी त्यांना घरात शिरता येईना, तेव्हा वहिनींनी आतून प्लास्टिकची खुर्ची खाली सोडली. ते खुर्चीवर चढून आत गेले, मग वाकून त्यांनी खुर्ची आत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते टोपीवाले आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात पाइप. ते आमच्या घराकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे. मग माझ्याकडे.

"अंकल, दीवार कहाँ गई?"

"क्यों?"

"उसी पर तो गैस का मीटर लगाना था. निशान लगाकर गए थे."

पाइपनं येणारा गॅस! ज्याच्यासाठी सुषमानं वर्षभर माझ्या मागे लागून अर्ज करवला होता, तो गॅस! आता मीटर लावायला भिंत नाही म्हणून ते पुढच्या घराकडे निघून गेले. मी हळूच सुषमाकडे पाहिलं. सामानावर धूळ बसू नये म्हणून ती जुने पेपर अंथरत होती, आणि एका पानावर येऊन थांबली होती.

"अहो, इकडे या. हे कोपऱ्यात काय लिहिलंय?"

मुंगीच्या पायाएवढं अक्षर होतं. मी चष्मा पुसला. 'विज्ञापन.' म्हणजे जाहिरात!

"आता रस्त्याखालचं वाचा."

वस्तीच्या नावापुढे बारीक अक्षरांत होतं: 'से केवल पंद्रह मिनट! साठ फीट चौड़ी सड़क वाली कॉलोनी में प्लॉट. शहपुरा रोड.'

मी फक्त वस्तीचं नाव वाचलं होतं.

"उद्याच परत बांधून घेऊ," मी म्हणालो. "विटा आहेतच."

पण उद्या उजाडायच्या आत पेपरात विटांच्या ढिगासकट आमचा फोटो होता: 'नागरिकों ने खुद हटाया अतिक्रमण.' ही मात्र बातमी होती. मी चारही कोपरे तपासले! जे इतकी वर्षं आम्ही घरातही बोललो नव्हतो, ते अख्ख्या जबलपूरला कळलं. दुपारी आमचे नगरसेवक, म्हणजे पार्षदजी, हार, शाल, नारळ आणि एक पत्रकार घेऊन हजर. ते म्हणाले, "ऐसी जागरूकता हमने नहीं देखी!" टाळ्या झाल्या. तिवारीजींनी खुर्चीवर उभं राहून वाजवल्या, कारण उतरले असते तर पुन्हा चढावं लागलं असतं.

पत्रकारानं विचारलं, "अंकल, प्रेरणा कहाँ से मिली?"

मी गळ्यातला हार सारखा करू लागलो. सुषमा पुढे झाली. "अखबार से मिली, भैया. पूरा पढ़ लेते तो नहीं मिलती."

त्यानं अर्धंच लिहून घेतलं. 'हमारे अखबार से मिली प्रेरणा,' असं छापून आलं.

आता परत बांधायची सोय राहिली नाही. जाहीर सत्कार झालेला माणूस अतिक्रमण कोणत्या तोंडानं करणार! घर मात्र उघडं पडलं. गल्लीतून जाणाऱ्याला आमच्या ताटात भाजी कोणती आहे ते दिसू लागलं. एकदोघांनी तर थांबून मीठ बरोबर आहे का तेही विचारलं. शेवटी सुषमानं माझी सत्काराची शाल घेतली, तिला कड्या शिवल्या आणि दाराला पडदा म्हणून टांगली.

शालीला येणारे-जाणारे बघतात. सत्कारमूर्ती आतच बसतात, कारण बाहेर बसायला त्यांनी जागाच ठेवलेली नाही.