नाकापर्यंत आलेला दादा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी सांगणं बंद करीन. आणि शेवटी तुम्ही हसणारच आहात, त्याला माझा इलाज नाही. मी जो घोळ घातला तो असा की, आजही आमच्या आंजीत कोणी माझ्याकडे गाडी दुरुस्तीला आणली तर आधी हात जोडतो, "भाऊ, काहीही कर, फक्त पुसू नको!"

तर ऐका.

आमच्या घरातला कॉम्प्युटर दुकानातून आला नव्हता. दादानं तो घरीच जोडला होता. बाई जशी चिंध्या जमवून गोधडी शिवते ना, तसा! डबा वर्ध्याचा, जुना. मॉनिटर नागपूरच्या कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातला. कीबोर्डाची एक कळ गायब. तिथे भोकात बोट घालून दाबायचं. त्यावर दादा लग्नपत्रिका टाइप करायचा. पण त्याचं समाधान कुठे? रोज जेवताना एकच पुराण.

"पहिले रॅमची पट्टी वाढवू," भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो सांगायचा. "मंग मोठा एसएमपीएस, म्हंजे याले करंट बरोबर भेटन. मंग सीडी रायटर. एका टायमाले एकच पार्ट, अन् थोही सेकंडहँड. घाई नाई करायची."

"अन् पैसे?" आई विचारायची.

"म्हनून तं घाई नाई करायची!"

मी आठवी नापास. गावात टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान चालवतो. रॅम म्हणजे खायची वस्तू की लावायची, मला ठाऊक नव्हतं. पण दादाचा क्रम ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. आधी रॅम, मग एसएमपीएस, मग सीडी रायटर.

आणि मग दादाच गेला. ताप आला, डोक्यात गेला, बघता बघता संपलं. यावर मी जास्त बोलणार नाही. तुमचा चहा निवतो, आणि माझंही काही खरं नाही.

तेरवीला फोटो लागतो. घरात दादाचा एकच फोटो होता, कुठल्याशा परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला. त्यात त्याचे डोळे असे, जणू पोलिसांनी पकडून बसवलाय! मी तो आईसमोर धरला. तिनं मान फिरवली.

"हा माहा पोरगा नाई. माहा पोरगा हासे. कम्प्युटरात हाये ना त्याचा हासून राह्यलेला फोटो? थो लाव."

फोटो होता खरा. सिंदी मेघे गावचा प्रशांत, म्हणजे दादाचा जिगरी दोस्त, त्यानं एकदा डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेला. दादानं तो आईला दाखवला होता आणि दोघं पोट धरून हसली होती. मी विचारायला गेलो तर दादानं फटकन बंद केला. "तुह्या कामाचा नाई." म्हणजे तो फोटो मी पाहिलाच नव्हता.

"प्रशांतले बोलाव," आई म्हणाली. "त्याले समजते त्यातलं."

"काहाले? मी आहो ना!"

आता यात माझी अक्कल कमी होती की दुसरंच काही, ते तुम्ही ठरवा. दादाच्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कोणाचा हात लागावा, हे मला सोसवेना. एवढंच.

मी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण चाल अशी की बैलसुद्धा लाजेल. मी मनात म्हटलं, हा सर्व्हिसिंगला आलाय! आणि आमच्या धंद्याचा नियम पक्का. मशीन कोणतंही असो, आधी खोला आणि धुऊन पुसून काढा. निम्मा आजार घाणीतच असतो.

खोलला. आत हीऽऽ धूळ! ब्रश मारला, पेट्रोलचं फडकं फिरवलं. मधोमध एक छोटा पंखा होता, तोही काढला. तर पंख्याखाली, त्या चौकोनी चिपवर, पांढरं पांढरं वाळलेलं काहीतरी लागलेलं.

टूथपेस्ट!

दादाची सवयच होती ना. सकाळी तोंडात ब्रश कोंबून कॉम्प्युटरसमोर बसायचा. आई ओरडायची, "सांडवशीन लेका त्याच्यात!" आणि सांडलीच होती की हो. मला एकदम भरून आलं. मी रडत रडत ती पुसली. पेट्रोल लावून, नखानं खरवडून, अशी चकाचक केली की चिपमध्ये माझं तोंड दिसावं.

पंख्याच्या खाली टूथपेस्ट जाईल कशी, असं तुम्हाला वाटलं ना? मला नाही वाटलं.

सगळं परत जोडलं. आईला हाक मारली. ती पदर सावरून समोर बसली. फोटो उघडायला लागला, पण वरून खाली, पडदा सरकावा तसा हळूहळू. आधी आभाळ. मग टिनाचं छप्पर. मग दादाचे केस. मग कपाळ...

खट्ट! अंधार.

मी लगेच पुन्हा बटण दाबलं. या वेळी तर केससुद्धा आले नाहीत. पुन्हा दाबलं. नुसतं आभाळ. खट्ट!

"काय झालं रे?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"कमजोरी हाये त्याले," मी डॉक्टरच्या थाटात सांगितलं. "दादा म्हने ना, रॅम वाढवा लागते म्हनून. मी आनतो."

दुकान बंद. सुतकात कमाई कुठून येणार? मी माझा मोबाइल विकला, जुनी रॅमची पट्टी नमुना म्हणून रुमालात बांधली आणि एसटीनं वर्ध्याला गेलो. दुकानदारानं तिच्याशी जुळणारी एक वापरलेली पट्टी शोधून दिली. "यानं काम होईन ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "फरक तं पडनच." घरी आलो, पट्टी खोचली, बटण दाबलं.

आभाळ. छप्पर. केस. कपाळ. डोळे!

"डोये!" आई ओरडली. "डोये आले त्याचे!"

खट्ट.

आई रडायला लागली. मी मात्र पेटलो! कारण हिशेब सरळ होता. एका रॅमनं डोळे आले. म्हणजे एसएमपीएसनं नाक यायला पाहिजे आणि सीडी रायटरनं हसू! दादानं सगळं क्रमानंच सांगून ठेवलं होतं की.

दुसऱ्या दिवशी दुकानातला हवा भरायचा पंप विकला. शेजारी बोलायला लागले. "भावाची तेरवी नाई झाली, अन् हा बाजार करत फिरून राह्यला!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्ध्याहून वापरलेला एसएमपीएस आणला, बसवला आणि लाइट गेली. लोडशेडिंग. सबंध दुपार आई त्या काळ्या मॉनिटरसमोर बसून. मी म्हटलं, जेवून घे. ती म्हणाली, "लाइट आली अन् मी तिकडं असली तं?"

लाइट आली. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आभाळ, छप्पर, केस, कपाळ, डोळे... डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. हसताना पडतात तशा. मग नाक. पूर्ण नाक!

खट्ट.

मी पुन्हा दाबलं. आभाळ. पुन्हा दाबलं. आभाळसुद्धा नाही. नवा पार्ट दमला, असं मला वाटलं. आता सीडी रायटर. त्यासाठी माझी स्कूटर विकायची. मी किल्ली घेऊन निघालो, तर आई दारात आडवी.

"कुठी चालला?"

"आता थोडंसंच राह्यलं आई. नाकापर्यंत आनला ना मी त्याले!"

"हो," आई म्हणाली. "पन हासू नाकाच्या खाली असते बापा."

आणि तेरवी उद्यावर आलेली! मी काही बोलायच्या आत ती पीसीओवर गेली आणि तिनंच प्रशांतला फोन लावला.

प्रशांत आला. आधी आईच्या पायाशी बसून पोटभर रडला. मग डबा उघडला, पंखा काढला आणि तसाच थांबला.

"हे पुसलं कोनं?"

"मी," छाती काढून म्हणालो. "टूथपेस्ट सांडवली होती दादानं."

"टूथपेस्ट?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धा झालो. "अबे, पंख्याखाली कोन दात घासते?"

मग त्यानं समजावलं. ती पेस्ट मुद्दाम लावलेली असते. चिपची गरमी ती वर पंख्याकडे पाठवते. ती नसली की चिप तापते, आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद पडतं.

"मंग रॅमनं डोये काऊन आले?" मी सोडतोय थोडाच?

"रॅमनं नाई आले! तू वर्ध्याले गेलता ना, तोपर्यंत थो थंडा झालता. तू बटन दाबत नसता बसला तं अजून दिसला असता!"

आलं लक्षात? मोबाइल गेला, पंप गेला, स्कूटर जाता जाता राहिली, आणि दादाचे डोळे आले ते मी घरी नव्हतो म्हणून, नाक आलं ते लाइट नव्हती म्हणून!

पण हसायला वेळ नव्हता. ती पेस्ट मिळायची वर्ध्यात, आणि बाजार त्या दिवशी नेमका बंद. प्रशांत डोकं धरून बसला. मग हळूच म्हणाला, "घरात टूथपेस्ट हाये का?"

मी उठलोच! दुःखाच्या घरात येऊन माझी टिंगल करतो? मी त्याची कॉलर धरली. आई मधे पडली. तो बिचारा ओरडतोय, "अरे खरंच! खरंच चालते! जास्त नाई टिकत, पन एका फोटोचं काम होऊन जाईन!"

आईनं न्हाणीतून ट्यूब आणली. प्रशांतनं बोटाच्या टोकावर घेऊन ती चिपवर पातळ लावली आणि पंखा बसवला. सगळ्या घरात पुदिन्याचा वास. बटण त्यानं मला दाबू दिलं नाही.

आभाळ. छप्पर. केस. कपाळ. डोळे. नाक.

आई आणखी पुढे सरकली.

मिशी. आणि मग दात. सगळेच्या सगळे! आमचा दादा हसत होता, मान मागे टाकून, कोणाच्या बापाला न भिता. आईनं काचेवर हात ठेवला. प्रशांतनं तोंड फिरवलं.

आणि फोटो खाली सरकतच राहिला.

दादाच्या गुडघ्यापाशी आणखी एक तोंड निघालं. काळंकुट्ट. नुसते पांढरे डोळे आणि वासलेला जबडा. कोण आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या दिवशी मी एका स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये डोकावून पाहत होतो आणि गिऱ्हाइकानं तेवढ्यात किक मारली होती. तो मी होतो! दादा माझ्यावरच हसत होता.

प्रशांतनं घाईघाईनं फोटो फ्लॉपीवर घेतला. ओळखीचा स्टुडिओवाला शटर उघडून छापून देईल म्हणाला.

"खालचं कापून टाकजो," मी बजावलं. "फक्त दादा पाह्यजे."

"हो हो."

आई त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. बराच वेळ काहीतरी बोलत होती. गाडीभाडं देत असेल, असं मला वाटलं.

तेरवीच्या दिवशी मी सकाळपासून चुलीपाशी. मांडवात काय मांडलं, काय नाही, बघायला उसंतच नव्हती. पंगत बसली आणि मी वरणाची बादली घेऊन वाढायला निघालो. पुलगावचे एक लांबचे काका आले होते. मी एवढासा असताना त्यांनी मला पाहिलं असेल, त्यानंतर नाही. ते फोटोला हात जोडून आले, डोळे पुसत पानावर बसले आणि मी वाढायला वाकलो तसे हळूच म्हणाले,

"मोठ्याचं समजलं होतं बापा. पन लहान्याचं कोनी सांगतलंच नाई. दोघंही एकाच तापानं गेले का?"

मी वळून पाहिलं. खुर्चीवर फोटो. दादा हसतोय. त्याच्या पायाशी काळ्या तोंडाचा मी, जबडा वासून. दोघांच्याही कपाळाला गंध, आणि झेंडूचा एकच मोठा हार दोघांच्या भोवती अगदी नीट बसलेला!

"काका," मी म्हणालो, "लहाना मीच आहो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. परत माझ्याकडे. आणि ताट दोन्ही हातांनी मागे ओढलं.

आत कोणीतरी फिस्सकन हसलं. दादा गेल्यापासून त्या घरात तसा आवाज झाला नव्हता. दारात आई उभी होती, तोंडाला पदर लावून.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली. "त्याच्या हातचं चालते. तोंड धुतलं का थो असाच दिसते."

काकांनी वरण घेतलं खरं. पण पंगत उठेपर्यंत ते जेवणाकडे कमी आणि खाली माझ्या पायांकडे जास्त बघत होते. उलटे तर नाहीत ना, म्हणून.