पुढचा टायर वेगाचा, मागचा भरवशाचा

सायकलच्या टायरबद्दल माझ्या दाजींनी जेवढा विचार केला आहे, तेवढा टायरच्या कारखान्यातही कुणी केला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. चाकूरला राहायचे आणि रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपट घेऊन फिरायचे. दुष्काळाचे दिवस होते. शेतं मोकळी पडलेली, गावंच्या गावं खडी फोडायला बसलेली. त्या ताज्या खडीवरून दिवसाला तीन-चार कामं गाठणारे दाजी हे प्रत्येक नव्या रस्त्याचे पहिले प्रवासी असत. रस्त्याबद्दल त्यांचं मत इंजिनिअरच्या आधी तयार असे, कारण ते त्यांना बसल्या जागी कळत असे.

त्यांच्या मते टायरात तीन गुण पाहायचे. आराम, वेग आणि काट्याला दाद न देणं. "तिन्ही गुण एका टायरात देणारा कारखाना अजून जन्मला न्हाई," असं ते म्हणत. म्हणून पुढे हलका, गुळगुळीत टायर वेगासाठी आणि मागे जाड नक्षीचा भरवशासाठी, अशी त्यांनी कायमची वाटणी केली होती. नवा टायर घ्यायला गेले की सायकलवाल्या चाचांच्या दुकानात अर्धा दिवस जाई. टांगलेले सगळे टायर खाली काढायचे, अंगठ्याने दाबायचे, वाकवायचे, हुंगायचे, उजेडाकडे धरायचे. एकदा वैतागून चाचा म्हणाले, "कारकूनसाब, टायर लेना हय का सोयरीक जमवायची हाय?" दाजी शांतपणे म्हणाले, "सोयरिकीत एकदाच बघायचं असतं चाचा. हितं रोज बसायचं असतं."

हवेचंही शास्त्र होतं. डांबरी रस्त्यावर टायर कडक हवा, खडीवर थोडा मऊ. त्यामुळे डांबर संपून खडी सुरू झाली की दाजी उतरत, मोजून हवा सोडत आणि खडी संपली की पुन्हा उतरून पंप मारत. मागे बसलेली ताई तेवढ्यात चालत पुढे निघून जायची. "तुमच्या दाजीसंगं सायकलवर जायचं म्हंजी निम्मी वाट पायीच," ती सांगायची. संध्याकाळी घरी आल्यावर चहाच्या आधी टायर. उकिडवं बसून चाक हळूहळू फिरवायचं, तळहात फिरवत बाभळीचे काटे शोधायचे आणि चिमट्याने काढायचे. ताईच्या पायात काटा रुतला तरी चिमटा तोच, पण नंबर टायरनंतर.

दुष्काळात त्यांनी आणखी एक विद्या कमावली. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण टँकरच्या पाण्यात ट्यूब बुडवली तर ताईने दाजींनाच बुडवलं असतं. मग दाजी हवा भरलेली ट्यूब नाकाखालून हळूहळू सरकवत न्यायचे. मिशीचा एखादा केस हलला की थांबायचे. छिद्र तिथेच! चाचांच्या घमेल्यातही पाणी नसायचं, तेव्हा चाचा अवघड ट्यूब दाजींच्या मिशीकडे पाठवू लागले. तेवढ्यासाठी दाजींनी मिशी वाढवली. डोईला पांढराशुभ्र पटका आणि त्याखाली ही कामाची मिशी, असा त्यांचा थाट होता. पटका काढलेले दाजी मी कधी पाहिले नव्हते. सायकलही त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. लग्नात माझ्याच वडिलांनी दिलेली ती सायकल मला अंगणातसुद्धा फिरवायला मिळाली नव्हती.

लातूर जिल्हा झाला तेव्हा चाकूरात सर्वांत जास्त आनंद दाजींना झाला. आपलं जुनं जिल्ह्याचं ठिकाण उस्मानाबाद. "ते कोणत्याच टायरच्या टप्प्यात नव्हतं," दाजी म्हणाले. "लातूर हाय. सरकारनं जिल्हा सायकलच्या टप्प्यात आणला बघ."

त्याच सुमारास मी बी.ए. झालो. आमच्या घरात तोवर कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं, पण ते आधी जुन्या जिल्ह्याला जाऊन, तिथून परत फिरून, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, मी तेव्हा राहत होतो त्या ताईच्या घरी पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लातुरात हजर. मी एस.टी.ने जाणार म्हटलं. दाजींनी मान हलवली. "त्या गाडीचे मागचे टायर बघितलेस का? टक्कल पडलंय. मी नेतो."

दाजींना नाही म्हणणं आमच्याकडे रीतीत बसत नाही. ताई कडाडली, "पोराच्या नोकरीचा सवाल हाय अन् तुम्ही टायर बघत बसलाव!" पण दाजी कामाला लागले होते. मला रेशन दुकानाच्या तराजूवर उभं केलं, तेही फाईल हातात घेऊन. "सर्टिफिकिटाचं बी वजन असतंच की, बी.ए.साहेब." मग दोघांचं वजन आणि रस्त्यावरची बाभळ यांचा विचार करून त्यांनी मागच्या टायरात, ट्यूबच्या वर, जुन्या टायरची एक लांब पट्टी कापून बसवली. "आता खिळा बी आत यायचा न्हाई," म्हणाले.

पहाटे निघालो. दाजी पुढे, मी फाईल छातीशी धरून कॅरियरवर. हवा सोडत, हवा भरत, बऱ्यापैकी वेळेत चाललो होतो. लातूर आठ-नऊ किलोमीटर राहिलं आणि मागचं चाक बसलं.

दाजींनी टायर उघडला. ट्यूब नाकाखाली धरायची गरजच पडली नाही. बोटभर फाटली होती. काटा कुठेच नव्हता. काट्यापासून वाचवायला घातलेल्या पट्टीच्या कडेनेच घासून घासून ट्यूब खाल्ली होती. दाजी त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "माझ्याच हातानं," एवढंच म्हणाले. ठिगळ बसण्यासारखं नव्हतं. अशा वेळी टायरात कडबा कोंबून लोक गाव गाठतात, पण त्या वर्षी कडबा बैलांच्याही नशिबी नव्हता. रस्त्यावर वाहन नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पटका सोडला.

भरउन्हात त्यांचं गोरंपान टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तो लांबलचक पटका पिळून दोरखंड केला, टायरात ठासून भरला, टायरची कड पुन्हा रिमवर चढवली आणि हँडल माझ्या हाती दिलं. "दोघांचं ओझं पेलायचं न्हाई. तू एकटा जा. वळणावर हळू. अन् खड्ड्यात उठून उभा राहा."

"दाजी, तुम्ही?"

"मला कुठं मुलाखत हाय? जा!"

मी गेलो. चाक उंटासारखं चालत होतं, पण चालत होतं. अकराला दहा कमी असताना पोचलो. मुलाखतीत काय विचारलं ते आज आठवत नाही. कपडे असे धुळीचे का, असं मात्र एका साहेबांनी विचारलं होतं, आणि मी सगळं खरं सांगितल्यावर ते हसले होते. बाहेर आलो तर फाटकाजवळच्या लिंबाखाली दाजी बसलेले. टक्कल तांबूस झालेलं, चपला हातात, पायाला फोड.

"टायर कसा राहिला?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, "अन् साहेब काय म्हणले?"

उदगीरकडच्या एका शाळेत मला नेमणूक मिळाली. पटक्यावर काळे पट्टे उमटले होते. पाण्याअभावी ताईने तो बरेच दिवस धुतला नाही, आणि पुढे पाऊसपाणी झाल्यावर दाजींनी धुऊ दिला नाही. तसाच बांधून ते कामावर जात आणि कुणी विचारलं तर म्हणत, "आमच्या घरात मास्तर झालाय, त्याची खूण हाय ही."

आता दाजींचे गुडघे गेले आहेत. सायकल ओसरीत भिंतीला टेकून असते. तिचे टायर चिरलेले पाहून मागच्या दिवाळीत मी नांदेडहून नवी जोडी आणली. दुकानात मीही अर्धा दिवस घालवला. दाबले, वाकवले, हुंगलेसुद्धा. दुकानदार माझ्याकडे कसा पाहत होता ते सांगत नाही.

दाजींनी दोन्ही टायर मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबले. "आराम हाय. वेग बी हाय. काट्याचं चालवल्याशिवाय कळत न्हाई." कोण चालवणार, हे त्यांनी विचारलं नाही. मी टायर बसवू लागलो तेव्हा हळूच म्हणाले, "पट्टी टाकू नको बरं."

हवा भरली. दाजी ओसरीच्या कडेला सरकले, चाक हळूहळू फिरवलं आणि कुठल्याच रस्त्याला न लागलेल्या त्या टायरावरून तळहात फिरवत काटे शोधत राहिले. आतून ताईने दोनदा चहाला हाक मारली. मी तिला हातानेच थांब म्हटलं.