टिपकागदावरचा डाग

परवा बारामतीच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "स्किन टाइप कोणता?" तिनं उघडलेल्या डबीचा गुलाबी वास आला आणि मी तीसेक वर्षं मागं, पणदऱ्यातल्या आमच्या ओसरीवर गेले.

क्रीम विकायला आलेल्या बाईनं माझ्या कपाळावर टिपकागद दाबला. तेलाचा डाग उमटला. "मुलीची त्वचा तेलकट. ताई, तुमची कोरडी. दोघींना वेगळं क्रीम लागेल."

आई नुकतीच धारा काढून आली होती. "एका चुलीवरचं खातो आमी. कातडी येगळी कशी?" रविवार होता, तिनंच सकाळी माझ्या डोक्यावर खोबरेल थापलं होतं. तिनं हातानंच माझं कपाळ खसाखसा पुसलं. "आता दाबा."

कागद कोराच निघाला.

"आता कोरडी लागतीय," म्हणत बाईनं दुसरी डबी काढली. आईनं तिला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या बाईच्या लबाडीवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. पण कपाळ पुसताना आईच्या तळहाताच्या भेगांनी मला ओरखडलं होतं. निदान आईबद्दल तरी ती बाई खरं बोलली होती.

"कोरडी," मी दुकानात सांगितलं आणि डबी आईला नेऊन दिली.

आईनं ती हुंगली, उलटीपालटी केली. "पुन्हा त्याच बाईनं गाठलं व्हय तुला?"